प्रकल्प नोंदी : खानापूरच्या सोप्यातलं पॅरिस

काम : एका तैलचित्राची किंमत काढणे, वाटणीच्या यादीसाठी. वस्तू : कॅनव्हासवर तैलरंग, आडवं, सागवानी चौकटीत, चित्रकार अनिश्चित. मालक : तीन भावंडं. नोंदींत त्यांना थोरले, धाकटे आणि आक्का म्हटलंय. घर खानापूर तालुक्यात, तपासणी बेळगावात, शहापुरातल्या माझ्या दुकानात.

९ जून २०२५

पाऊस सुरू झालाय. घर जुनं, जांभ्याचं. चित्र सोप्यात, पश्चिमेच्या भिंतीवर. म्हणजे चार महिने मार खाणारी भिंत. खालच्या बाजूला चौकट भिंतीला चिकटून होती. हात घातला तर भिंत गार आणि ओलसर.

चित्रात पावसानंतरचा पॅरिसचा रस्ता आहे. ओल्या फरशीवर दिव्यांची पिवळी प्रतिबिंबं, दोन घोडागाड्या, छत्री घेतलेल्या बायका, डाव्या कोपऱ्यात फुलवाली, उजवीकडे लाल पवनचक्की, रस्त्याच्या टोकाला विजयी कमान. लांबून छान दिसतं, हे आधी लिहून ठेवते.

तिघांच्या तीन अपेक्षा. थोरले म्हणतात, आजोबा कँपात पलटणीला माल पुरवायचे, सत्तेचाळीस साली साहेब गेला तेव्हा त्यानं हे दिलं. धाकटे पुण्यात असतात, त्यांनी मोबाईलवर आंत्वान ब्लाँशार नावाच्या चित्रकाराची चित्रं शोधून ठेवलीत. त्यांचा सूर असा, की आता फक्त आकड्यापुढे शून्यं किती ते सांगा. आक्कांना चित्र नकोच आहे. "आमच्याकडं कुठं लावू मी हे? पण वाटणीत आकडा बरोबर धरा बाई, मागनं बोलणी नकोत."

माझ्या अटी तिथेच सांगितल्या. फी ठरलेली, किमतीच्या टक्क्यांत नाही. ज्या वस्तूची किंमत मी काढते ती मी विकत घेत नाही आणि विकूनही देत नाही. थोरल्यांना हे जरा तुसडं वाटलं. आक्कांना पटलं.

११ जून

चित्र आणलं. जुनं धुतलेलं धोतर गुंडाळून, त्यावर प्लॅस्टिक, गाडीत उभं. प्लॅस्टिक थेट रंगाला लावू दिलं नाही. या हवेत आत घाम धरतो. दुकानात आतल्या खोलीत, पंख्याखाली पण पंख्याच्या थेट वाऱ्यात नाही, असं उभं करून ठेवलं. धाकट्यांचा फोन आला, "उन्हात ठेवा की थोडं." ऊन नाहीच, आणि असतं तरी ठेवलं नसतं. ओला कॅनव्हास एकदम सुकला की आक्रसतो आणि रंग उचलतो.

१३ जून

समोरून तपासणी. एका बाजूने तिरका दिवा लावून.

रंग जाड. इमारती आणि रस्ता पॅलेट नाइफने ओढलेले, माणसं ब्रशच्या दोन-तीन फटकाऱ्यांत. हात सराईत आहे. फुलवालीचा झगा एका फटकाऱ्यात बसवलाय, हे नवख्याला जमत नाही. पण तोच फटकारा रस्त्यावर पाच ठिकाणी पाच बायका होऊन उभा आहे. एकीलाही स्वतःची चाल नाही. ज्यानं हे काढलं त्यानं हा रस्ता बघून काढला नाही, हा रस्ता त्याच्या हाताला पाठ होता.

आणि रस्ता तरी कुठला? लाल पवनचक्की म्हणजे मुलँ रूज, ती उत्तरेला मोंमार्त्रच्या पायथ्याशी. विजयी कमान शहराच्या पश्चिमेला, शाँझेलिझेच्या टोकाला. दोन्ही एका रस्त्यात अशा शेजारी दिसणं शक्य नाही. काळाचा मात्र घोटाळा नाही : मुलँ रूज १८८९चं, आणि घोड्याच्या बसगाड्या पॅरिसमध्ये १९१३च्या सुरुवातीपर्यंत चालत होत्या. मोटार एकही नाही. विकत घेणाऱ्याला जे जे 'पॅरिस' वाटतं ते सगळं एका चौकटीत बसवलंय.

जाड रंगात तडे आहेत, पण वयाचे नाहीत. वयाचं जाळं कसंही, सगळीकडे पसरतं. हे तडे उभे, एकमेकांना समांतर, जवळजवळ सारख्या अंतरावर, आणि जिथे रंग जाड तिथेच. कॅनव्हास गुंडाळून ठेवला होता. काही ठिकाणी रंगाची टोकं चपटी झालीत, तीही त्यामुळेच.

सही उजवीकडे खाली, तांबड्या रंगात. पहिलं अक्षर रोमन डी किंवा पी, मध्ये दोन उंच टोकं, शेवटी लांब शेपूट. नाव वाचता येत नाही. भिंगातून पाहिलं तर सहीचा तांबडा खालच्या ओल्या करड्यात मिसळलाय. म्हणजे सही चित्राबरोबरच केलेली, नंतर कुणी घुसडलेली नाही. एवढंच सिद्ध झालं. ते नाव खऱ्या माणसाचं आहे की नाही, हा वेगळा प्रश्न.

१४ जून

माप : ६१ × ९१.५ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर २४ × ३६ इंच. मला वाटलं इथेच निकाल लागेल, कारण फ्रान्समध्ये कॅनव्हासची मापं ठरलेली असतात. पण त्यांचं '३० मरीन' हे माप ९२ × ६० सेंटिमीटर. एका सेंटिमीटरचा फरक. तेवढा तर ताणतानाही पडतो. माप कुणाच्याच बाजूनं साक्ष देईना. नोंद करून पुढे.

१७ जून

आज मागची बाजू. चौकट उघडायला सुतार अण्णांना बोलावलं. अण्णांचं घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि लाकडाशी बोलताना दोन्ही. त्यांनी चौकट उलटी केली, वास घेतला, नखानं खरवडून पाहिलं आणि म्हणाले, "सागवान, पक्कं. दांडेलीकडचं असणार. आतली पट्टी मात्र खोक्याची." आतली पट्टी म्हणजे कॅनव्हास ज्यावर ताणलाय ती. हलकं पांढरट लाकूड, मालाच्या खोक्याचं. एका पट्टीवर काळ्या शाईतल्या छापील अक्षरांचा अर्धा तुकडा अजून दिसतो. कोपऱ्यांना पाचरी नाहीत, नुसते खिळे. म्हणजे कॅनव्हास सैल पडला तर ठोकून ताणायची सोय नाही. चांगलं स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणायचा सांगाडा, बनवणारा असं करत नाही. हे इथलंच, घाईचं काम.

कॅनव्हास सुती, यंत्रावरचा, एकसारख्या विणीचा. पांढरं अस्तर, म्हणजे रंगाखालचा लेप, कापलेल्या कडेपर्यंत गेलंय. म्हणजे अस्तर लावलेल्या मोठ्या ताग्यातून तुकडा कापला. कडा पट्टीवर दुमडून चुका (बारीक खिळे) मारल्यात आणि चुकांच्या भोकांची एकच ओळ आहे. दुसऱ्या कुठल्या पट्टीवर हा कॅनव्हास याआधी ताणला गेला असता तर जुन्या भोकांची ओळ राहिली असती. ती नाही. पण चारही कोपऱ्यांना, दुमडीच्या बाहेर, एकेक बारीक भोक आहे. चित्र काढताना कॅनव्हास ताणलेला नव्हता. भिंतीला किंवा फळीला चार टाचण्यांनी लावलेला होता. एका रांगेत अनेक कॅनव्हास टांगून, एकानं सगळ्यांची आभाळं करायची, मग रस्ते, मग माणसं, अशा कारखानदारीत हीच पद्धत असते.

चौकटीच्या मागच्या जाड कागदावर फ्रेमवाल्याचं लेबल आहे. मला दिवसभरात सगळ्यात जास्त आनंद त्यानं दिला. छापील इंग्रजी अक्षरं : दुकानाचं नाव (इथे देत नाही), बेळगाव, मैसूर स्टेट. आणि पत्त्याच्या खाली वेगळ्या, जांभळ्या शाईत रबरी शिक्क्यानं मारलेला सहा आकडी पिनकोड, ५९० पासून सुरू होणारा.

अण्णा म्हणाले, "त्यात काय?" त्यांना सांगितलं. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. तेव्हा शिक्का त्याआधीचा असूच शकत नाही. आणि मैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ला. (१ नोव्हेंबर ही तारीख आमच्या भागात कुणाला पाठ करावी लागत नाही. १९५६च्या त्याच तारखेला आम्ही मुंबई राज्यातून मैसुरात गेलो.) लेबल छापलं जुन्या नावानं, पिन नंतर आला म्हणून शिक्का मारून घेतला, आणि उरलेली लेबलं संपेपर्यंत वापरली. कुठलाही दुकानदार तेच करेल. म्हणून वरची हद्द १९७३वर ठोकत नाही, काही वर्षं पुढे सोडते. खालची हद्द मात्र पक्की.

अण्णा बराच वेळ लेबल बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे साहेबाचं नव्हे."

१८ जून

अण्णांचं वाक्य कालपासून डोक्यात आहे. उत्तर होय असंच येतंय, पण ते लेबलवरून नाही. लेबल चौकटीचं वय सांगतं, चित्राचं नाही. जुनं चित्र नव्या चौकटीत रोज बसतं. माझं पोट त्यावरच चालतं. इथे महत्त्वाचं हे, की चौकट, आतली पट्टी आणि कॅनव्हास या तिघांच्या भोकांचा हिशेब जुळतो. पट्टी चौकटीत बसवलेल्या खिळ्यांची भोकं एकेकच. चौकटीच्या खाचेत धुळीची रेघ या पट्टीच्याच कडेनं पडलीय. हे तिन्ही एकदाच एकत्र आले आणि पुन्हा सुटले नाहीत, आणि त्याआधी कॅनव्हास कधीच ताणलेला नव्हता. साहेबाची गोष्ट खरी मानायची तर साहेबानं भिंतीवर न लावलेली गुंडाळी दिली आणि ती आजोबांनी पंचवीस वर्षं तशीच कपाटात ठेवली, असं मानावं लागेल. अशक्य नाही. पण अहवालात मी ते लिहिणार नाही.

२४ जून

रात्री दुकान बंद करून अतिनील दिव्याखाली पाहिलं. दिवा सोन्याच्या दुकानातून मागून आणलेला, नोटा तपासायचा, पण बरा निघाला.

झिंक पांढरा या दिव्याखाली हिरवट पिवळा उजळतो. टायटॅनियम पांढरा काळपट जांभळा दिसतो. आभाळातले आणि दिव्यांभोवतीचे पांढरे सगळे काळपट. म्हणजे बहुधा टायटॅनियम, जो चित्रकारांच्या हातात १९२०च्या सुमारानंतर आला. जुन्या राळेच्या वॉर्निशची हिरवी झाक कुठेच नाही. नंतर केलेली दुरुस्ती काळ्या डागांसारखी दिसते, तीही नाही. चित्राला कुणी हात लावलेला नाही.

हा पुरावा दुबळा आहे आणि तसाच लिहिणार. १९२० नंतर एवढंच तो सांगतो. साहेबही त्यात बसतो आणि साहेब गेल्यावरची सगळी वर्षंही. रंगातली मूलद्रव्यं यंत्रावर तपासून घेता येतील, पण त्याचा खर्च चित्रापेक्षा जास्त होईल. शिफारस केली नाही.

कडेच्या दुमडीवर, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, कापसाच्या काडीवर थोडं स्पिरिट घेऊन पाहिलं. रंग सुटला नाही. ॲक्रिलिक असता तर मऊ पडून काडीला लागला असता. तैलरंगच.

२८ जून

नुसता पाऊस. मागच्या बाजूला खालच्या तिसऱ्या हिश्शात करडी बुरशी आहे. ती सुकून भुकटी झाल्याशिवाय हात लावायचा नाही. काम बंद.

४ जुलै

बुरशी सुकली. व्हरांड्यात, तोंडाला फडकं बांधून, मऊ ब्रशनं झाडली. पुढच्या बाजूची धूळ आणि धूर थुंकीनं काढला. थोरले आले होते, त्यांनी तोंड वाकडं केलं. पण किंचित ओल्या कापसावरची थुंकी जुन्या तैलरंगावर साबणापेक्षा सुरक्षित, आणि जगभर तीच वापरतात. बहुतेक करडा थर देवघरातल्या उदबत्तीचा आहे. आभाळ एकदम निळसर निघालं. थोरले खूष. म्हणाले, आता किंमत वाढली असेल. नाही वाढली.

संध्याकाळी धाकट्यांशी व्हिडिओवर बोलणं. ते ब्लाँशारवरून हटेनात, म्हणून ते प्रकरण नीट उलगडून सांगितलं.

आंत्वान ब्लाँशार हे टोपणनाव. खरा माणूस मार्सेल मासाँ, १९१० ते १९८८. जुन्या पॅरिसचे पावसाळी रस्ते त्यानं जन्मभर रंगवले. त्याच्या आधी एदुआर कोर्तेस, १८८२ ते १९६९, त्याचेही तेच रस्ते, तेच ओले दिवे. या दोघांना मागणी होती म्हणून त्यांच्यासारखं काढणारे शेकड्यांनी निघाले. यातलं कुणीही १८७४ साली पॅरिसमध्ये ज्यांनी पहिलं प्रदर्शन भरवलं त्या दृक्प्रत्ययवाद्यांपैकी (इंप्रेशनिस्टांपैकी) नाही. मोने आणि त्याचे सोबती समोरचा उजेड पळायच्या आत पकडायला बघत होते. हे दुकानी चित्र त्यांचा फक्त पोशाख घालतं : जाड रंग, तुटक फटकारे, ओला रस्ता. सावली बघा म्हटलं धाकट्यांना. मोनेच्या सावलीत निळा असतो, जांभळा असतो. इथे काळ्यात तपकिरी मिसळून सगळीकडे एकच सावली फासलीय.

"पण टोपणनाव असू शकतं ना? तुम्हीच म्हणालात." मुद्दा बरोबर आहे. टोपणनाव असणं हा खोटेपणा नाही, ब्लाँशारचंच उदाहरण आहे. पण त्याच्या रस्त्यांना पत्ता असतो. मादलेनचं चर्च, सँ-दनीची कमान, जागच्या जागी. मुलँ रूज उचलून विजयी कमानीशेजारी ठेवायची गरज त्याला पडली नसती. आणि सहीची अक्षरं त्याच्या सहीशी कुठेच जुळत नाहीत.

मग त्यांनी विचारलं, इथल्याच कुणाचं असेल का. बेळगावात चित्रकला होतीच की. होती, के. बी. कुलकर्णींचं चित्रमंदिर होतं, रवी परांजपे तिथेच शिकले. पण त्या परंपरेतला हात रेखाटनावर उभा असतो. इथल्या घोड्यांचे पाय बघा. चार पायांचा हिशेब फक्त एका घोड्याचा लागतो, दुसऱ्याचे पाय धुक्यात सोडून दिलेत.

१० जुलै

थोरल्यांच्या काकू, वय नव्वदीकडे, टिळकवाडीत लेकीकडे असतात. आक्का मला घेऊन गेल्या. काकूंना फोटो दाखवला. लगेच म्हणाल्या, "हे आमच्या धाकट्या भावजींनी आणलेलं की. बोटीवर होते ते. नळकांड्यातनं आणलं होतं, दोन होती. एक कुणाला दिलं लक्षात नाही." कुठून आणलं? "हाँगकाँग म्हणाले होते की सिंगापूर, काय की बाई." कधी? "मोठीच्या लग्नाच्या आधी." मोठीचं लग्न १९७४चं, ते आक्कांना पक्कं माहीत आहे.

गुंडाळीचे तडे, टाचण्यांची भोकं, लेबल, सगळ्याशी हे जुळतं. हाँगकाँगमध्ये त्या काळात परदेशी गिऱ्हाइकांसाठी अशी चित्रं घाऊक निघत. पुढे १९८९मध्ये हाँगकाँगचाच एक व्यापारी शेंझेनजवळच्या दाफेन गावात गेला आणि तिथे अख्खं गाव या धंद्याला लागलं. तरीही अहवालात काकूंचं बोलणं 'कुटुंबीयांची माहिती' या सदरात जाईल, 'निष्कर्ष' या सदरात नाही. साहेबाची गोष्टही त्याच सदरात, तिच्याशेजारी. वाचणाऱ्यानं ठरवावं.

परतताना आक्का म्हणाल्या, "साहेबापेक्षा भावजी बरे." थोरल्यांना हे त्यांनीच सांगावं असं ठरलं.

१५ जुलै

किंमत. वाटणीसाठी विचारायचं ते एवढंच, की आज, कुणालाही घाई नसताना, हे या भागात विकलं तर किती येतील. विम्याचा आकडा वेगळा निघतो आणि मोठ्या लिलावाचा तर इथे प्रश्नच नाही. नाव नसलेलं सजावटीचं चित्र ते घेत नाहीत.

चित्र सजावट म्हणून मोजलं. हाताने काढलेलं आहे, छापील नाही, ही जमेची बाजू. विषय लोकांना आवडतो, आकार सोफ्यावर बसणारा. समांतर तडे आणि मागची बुरशी ही उणे बाजू. बेळगाव, कोल्हापूर आणि गोव्यातल्या सजावटीच्या दुकानांत अशा हातच्या चित्रांचे भाव विचारून घेतले होते. सांगितलेला भाव नव्हे, शेवटी देतात तो. चित्राचे ४ ते ६ हजार.

चौकट वेगळी. चार इंच रुंद, सव्वा इंच जाड, लांबी सगळी मिळून साडेबारा फुटांच्या आसपास. लाकूड अर्धा घनफूटसुद्धा भरत नाही, त्यामुळे 'सागवानाचेच पन्नास हजार' हे थोरल्यांचं म्हणणं टिकत नाही. पण कोपरे सांध्यात बसवलेत, अजून हललेले नाहीत, आणि आज असं काम करून घ्यायचं तर अण्णा काय घेतील ते अण्णांनाच विचारलं. चौकटीचे ४ ते ५ हजार. एकत्र ८ ते ११ हजार. वाटणीत ९,५०० धरावेत असं सुचवलं.

धाकट्यांनी कायद्याचं विचारलं होतं, नोंदणी वगैरे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची चित्रं येतात, आणि त्याखेरीज सरकारनं कलाठेवा म्हणून जाहीर केलेले रवी वर्मा, अमृता शेरगिल असे ठरावीक चित्रकार. हे दोन्हींत बसत नाही.

२१ जुलै

अहवाल दिला. चित्रकार : अज्ञात. सही : आहे, वाचता येत नाही, चित्राच्या वेळचीच. काळ : विसाव्या शतकाचा उत्तरार्ध, बहुधा १९७५च्या आधी. प्रकार : निर्यातीसाठी काढलेलं सजावटीचं चित्र, फ्रेंच दृक्प्रत्ययवादी शैलीत. सगळे फोटो जोडले, लेबलचे दोन.

धाकटे वाचून झाल्यावर बाजूला घेऊन म्हणाले, वाटणीसाठी हा ठीक, पण दुसरा एक कागद द्या, त्यात नुसतं 'ब्लाँशार यांचे असण्याची शक्यता' एवढं लिहा. पुण्यात एक जण विचारतोय. शक्यता तर कशाचीही असते ना, त्यात खोटं काय? या धंद्यात 'अमुक यांचे असावे' असं लिहिलं की तपासणाऱ्यानं आपलं नाव त्या मताखाली ठेवलं, असा त्याचा अर्थ होतो. घेणारा ते वाचूनच पैसे मोजतो. मी नाही म्हणाले. त्यांना एवढं सांगितलं, की विकायचं तर हाच अहवाल दाखवा आणि काकूंची बोट सांगा. घेणाऱ्याला गोष्ट मिळेल आणि तुम्हाला मागनं कुणी धरणार नाही.

२४ जुलै

चिठ्ठ्या टाकल्या. चित्र आक्कांना आलं. सगळे हसले. थोरल्यांनी तिथेच ९,५०० रुपये आक्कांच्या बाजूला धरून चित्र स्वतःकडे वळतं करून घेतलं, "असू दे की, भावजींचं आहे."

पुन्हा त्याच भिंतीवर लावू नका म्हणून सांगितलं. आतल्या, पूर्वेच्या भिंतीवर, आणि मागे चारही कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवून दिले, म्हणजे मागून हवा खेळेल. खोक्याची पट्टी बदलली नाही. त्यावरची अर्धी छापील अक्षरं आणि भोकं हाच पुरावा आहे. लेबलवर पारदर्शक पॉलिएस्टरचा तुकडा फक्त कडांना अडकवला, डिंक लावला नाही.

फी मिळाली. पावती तिघांच्या नावानं फाडली.